डोंगराच्या वाट्याचा खड्डा

आमच्या डोंगरात मुलाचं नाव ठेवायला डोकं चालवावं लागत नाही. पहिला मुलगा बलुकु, दुसरा ब्वांबाले, तिसरा मासेरेका. देव ज्या क्रमानं देईल त्या क्रमानं नाव. बारशाला भांडण होत नाही. ते पुढं होतं, कारण बाजारात "ए मासेरेका" अशी हाक गेली की केळीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत निम्मा बाजार मागं वळतो. म्हणून नावाला शेपूट लावावं लागतं. लंगडा मासेरेका, दोन बायकांचा मासेरेका, आणि गावभर बातम्या पोचवणारा रेडिओ मासेरेका, ज्याला आता नुसतं रेडिओ म्हणतात. ज्याची ही गोष्ट आहे तो खड्डेवाला मासेरेका.

त्यानं स्वतः आयुष्यात एकही खड्डा खणला नव्हता. खणले ते आज्यानं आणि बापानं. आमच्या रुवेंझोरी डोंगराच्या उतारावर कॉफीचे मळे संपून वेळूचं रान सुरू होतं, तिथं रानडुकरांच्या वाटेवर त्यांचे खड्डे असत. दीड पुरुष खोल, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं, कणगीसारखं. आत पडलेल्याला चढायला भिंतच मिळत नसे. पुढं रानाचं उद्यान झालं, शिकार बंद झाली, आणि बापानं एकेक करून सगळे खड्डे बुजवले. एक सोडून. तो एक, त्या घराच्या रीतीप्रमाणं, डोंगराच्या धन्याच्या वाट्याचा होता. त्यात जे पडेल ते धन्याचं. माणसानं ते खायचं नाही आणि खड्डा बुजवायचा नाही. बुजवला तर धनी आपला वाटा मागायला स्वतः खाली उतरतो, आणि तो उतरला म्हणजे दरड कोसळली, हे त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

खड्ड्याची जागा एकाच मुलाला सांगायची. थोरला दारू प्यायला की बोलायचा आणि मधला न पिताही बोलायचा, म्हणून बापानं मरताना तिसऱ्याला जवळ बोलावलं.

"दाढीवालं झाड ठाऊक आहे?"

"हो बाबा." फांद्याफांद्यांवरून दाढीसारखं शेवाळ लोंबणारं ते झाड सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"त्याच्या बुंध्याला पाय लावायचे, डोकं डोंगराकडं करून आडवं पडायचं आणि हात ताणायचा. बोटं पोचतील तिथं कड. वरच्या काठ्या कुजू द्यायच्या नाहीत. कळलं?"

कळलं नाही असं मरणाऱ्या बापाला कोण सांगणार? तेव्हापासून दरवर्षी कॉफीचा पहिला तोडा संपला की मासेरेका चोरून वर जायचा, वेळूच्या नव्या काठ्या आडव्या घालायचा, त्यावर शेवाळ अंथरायचा. आत कधी डुकराची हाडं असत, कधी रानमांजराची. एकदा लहानसं तांबडं हरीण होतं, जिवंत, पुढचे दोन्ही पाय मोडलेलं. त्यानं वर पाहिलं. मासेरेकानं त्याच्यावर पुन्हा काठ्या घातल्या आणि घरी येऊन तो पाठ करून निजला. जेवत का नाही म्हणून बायको, म्बांबु, ओरडली, तर म्हणाला पोट दुखतंय. धन्याच्या वाट्याचं त्यानं कधी खाल्लं नाही, हे खरं. पण मेलं ते मेलंच, हेही त्याला कळत होतं, आणि तरी तो दरवर्षी जात होता. बापाची आण आणि दरडीची भीती या दोन्हींच्या मध्ये माणूस असा अडकला की त्याला हलता येत नाही.

त्याची धाकटी मुलगी बीरा. लहानपणी ती त्याच्या मागं मागं रानाच्या कडेपर्यंत यायची. हे ओरडतंय ते कोण, फांदी हलवली ती कुणी, हे खाऊन गेलं ते कोण, असं विचारून ती त्याचं डोकं खायची आणि तोही न कंटाळता सांगायचा. मोठी झाल्यावर तिला उद्यानात वाटाड्याचं काम मिळालं, हिरवा शर्ट मिळाला. मुलाखतीत लोकेरिस साहेबांनी विचारलं होतं, घरात कुणी शिकारी? साहेब पार उत्तरेकडचे, बदली होऊन आलेले. आमची भाषाही त्यांना येत नव्हती, बाजारातल्या भाषेवर भागवायचे. बीरानं बेधडक सांगितलं, कुणी नाही. घरी येऊन तिनं बापाला विचारलं, "बरोबर सांगितलं ना, बाबा?" त्यानं मान डोलावली. त्या दिवसापासून तो खड्ड्याकडं फिरकला नव्हता.

आणि एका संध्याकाळी जेवताना बीरा म्हणाली, "बाबा, नवी वाट निघतेय. तीन शिंगांचा सरडा बघायला लोक कुठून कुठून येतात. साहेब म्हणतात, दाढीवाल्या झाडावरून नेऊ. माझ्याकडंच देणार आहेत ती वाट."

मासेरेकाचा घास हातातच राहिला.

"काय झालं?" म्बांबु म्हणाली. "घशात काटा गेला? आज मासा नाही, नुसत्या शेंगा आहेत."

"काही नाही."

"काही नाही म्हणतात तेव्हा काहीतरी असतंच यांचं," म्बांबु मुलीला म्हणाली. "तीस वर्षं तेच ऐकतेय."

तो रात्रभर तळमळला. खड्डा ठेवला तर पोरगी नाहीतर तिच्या मागचा एखादा पाहुणा त्यात जाणार. बुजवला तर डोंगर खाली येणार. पोरीला सांगितलं तर ती साहेबांशी खोटं बोलली असं होणार. इकडं आड तिकडं विहीर, आणि मध्ये बापाचा खड्डा. पहाटेपर्यंत त्याचं ठरलं. धन्याला मागायचं असेल तर त्यानं माझ्याकडून मागावं, असं मनाशी म्हणून त्यानं म्बांबुचं खोरं उचललं. त्याच्या दांड्याला धरायला मऊ लागावं म्हणून तिनं आपल्या जुन्या पिवळ्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. न खाता तो निघाला.

वर धुकं होतं. तो नेहमीसारखा खालच्या अंगानं चढत गेला. समोर दाढीवालं झाड दिसलं तसा त्याला हायसं वाटलं. आता बुंध्याशी जायचं, आडवं पडायचं, हात ताणायचा. पण मधल्या वर्षांत तो बुंधा उन्मळून डोंगराच्या अंगानं आडवा झाला होता, शेवाळानं गिळला होता, आणि त्याचीच टोकाकडची एक फांदी सरळ वर वाढून दाढी सोडून झाडासारखी उभी होती. मासेरेका त्या फांदीला झाड समजून चालत होता. खड्डा झाडाच्या पलीकडं असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून अलीकडची जमीन तो बिनधास्त तुडवत गेला आणि तीच जमीन त्याच्या पायाखालून गेली.

शुद्ध अशी गेली नाही, पण काही वेळ कळेना. मग घोट्यात कळ आली आणि सगळंच कळलं. खोरं हातातून उडून वरच राहिलं होतं. वर वाटोळं, पांढरं आभाळ आणि भोवती ओली, पोट सुटलेली माती. त्यानं चढून पाहिलं. बोटं रोवली की माती हातात यायची, आणि पाय टेकवावा तर भिंत आतल्या बाजूला निघून गेलेली. बापानं काम चोख केलं होतं. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा त्यात स्वतःच पडतो म्हणतात. इथं खणला बापानं आणि पडला मुलगा, असला न्याय.

कुजक्या काठ्यांबरोबर आणखी एकजण आत आला होता. तीन शिंगांचा सरडा. तो मासेरेकाच्या गुडघ्यापाशी एका काठीला धरून बसला होता आणि एक डोळा त्याच्यावर, एक डोळा आभाळावर ठेवून होता. सरडा आमच्याकडं अपशकुनी. बाजारात साप दाखवा, बायका हसतील. सरडा दाखवा, पाट्या टाकून पळतील. मासेरेकानं अंग चोरलं, पण तिथं चोरायला जागा नव्हती.

"जा की बाबा," तो सरड्याला म्हणाला. "तुला जाता येतं. जा."

सरड्यानं एक पाय उचलला, हवेत ठेवला, विचार केला आणि परत खाली ठेवला.

दिवस वर आला. धुकं विरलं आणि रान बोलू लागलं. आयुष्यभर त्यानं ते वरून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा खालून ऐकत होता. माकडांची टोळी माथ्यावरून गेली, त्यांनी अर्धवट खाल्लेली फळं टपटप आत पडली. एक लाल पंखांचा पक्षी घोगऱ्या आवाजात भांडत होता. मातीतून एक आंधळं, चकचकीत केसांचं चिचुंद्रीएवढं जनावर बाहेर आलं, त्याच्या हाताला धडकलं आणि परत मातीत शिरलं. एक रानडुक्कर कडेशी आलं. त्याचा श्वास ऐकू आला, नाक दिसलं. त्यानं हुंगलं आणि वळसा घालून ते निघून गेलं. डुकराला कळलं ते मासेरेकाला कळलं नव्हतं. त्याला त्या हरणाचा डोळा आठवला. तेही असंच ऐकत पडलं असेल, आपलं रान, इतक्या जवळ. त्याला रडू आलं आणि तो रडला.

ऊन तिरपं झालं तेव्हा माणसांचे आवाज आले. ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यातला एक आवाज बीराचा होता.

"हा पक्षी बसला की हिरवा-निळा, उडाला की लालभडक," ती सांगत होती. "माझे बाबा म्हणतात, मनातलं झाकून बसतो."

कुणीतरी हसलं. परके आवाज होते, नवी वाट पाहायला आणलेले दोन पाहुणे असावेत. मग लोकेरिस साहेबांचा आवाज: "हिला सगळं बापानं शिकवलंय."

"बाबा शिकारी होते का?" पाहुण्यानं विचारलं.

"छे हो. माझ्या बाबांनी कधी मुंगी मारली नाही."

मासेरेकानं मूठ तोंडात घातली. ओरडलं तर सुटका होती. पण उद्यानातल्या खड्ड्यात सापडलेला माणूस कोण, अशी चौकशी होणार; चौकशी गावात जाणार; गाव घराचं नाव सांगणार, आणि घराचं नावच खड्डेवाले. पोरीचा शर्ट त्याच संध्याकाळी उतरणार. आणि नाही ओरडलं तर? तर तो इथंच राहणार, हाडं होऊन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जाऊ देत त्यांना, तो मनात म्हणत होता. फक्त ती इकडं न येवो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण हा सरडा त्या दिवशी मासेरेकाच्या पुढं गेला. तो कधी काठीवरून वर सरकला ते मासेरेकाला दिसलंच नव्हतं. आता तो कडेवरच्या नेच्यावर डुलत होता, तीन शिंगं उन्हात.

"थांबा!" बीरा म्हणाली. "तो बघा. कुणी हलू नका, मी पुढं होते."

तिची पावलं जवळ आली. मऊ, सवयीची पावलं. कडेपासून हातभरावर ती थांबली, कारण नेच्यात तिला आईचं खोरं दिसलं. दांड्याची पिवळी पट्टी तिनं लहानपणापासून पाहिलेली. मग तिनं खाली पाहिलं. बाप आणि लेक एकमेकांकडं पाहत राहिले. मासेरेकानं हळूच मान हलवली: नाही. बीराच्या पायानं खोरं नेच्याखाली सरकवलं.

"साहेब," ती म्हणाली. "इथं खड्डा आहे. माणूस पडलाय."

साहेब आले, वाकले. त्यांच्या शेजारून रेडिओचं तोंड डोकावलं. तो पाहुण्यांचं ओझं वाहायला आला होता. त्यानं मासेरेकाला पाहिलं आणि त्याचे डोळे बशीएवढे झाले.

"कोण रे तू?" साहेबांनी विचारलं.

"मासेरेका."

"ते तर सगळेच असतात. कुठला?"

"पलीकडचा, साहेब. काँगोतला. बहिणीकडं आलो होतो, जवळची वाट धरली आणि पडलो. खड्डा कुणाचा, देव जाणे."

साहेब बीराकडं वळले. "तुझ्या गावाची वाट आहे ही. ओळखतेस याला?"

तिनं उत्तर द्यायच्या आत तोच खालून घाईनं म्हणाला, "ही पोरगी मी कधी पाहिलीसुद्धा नाही, साहेब."

"बीरा, मी तुला विचारतोय."

"नाही," बीरा म्हणाली. "नाही ओळखत."

मासेरेकाला हेच हवं होतं. हेच हवं असूनही त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"रेडिओ, तू?"

ज्यानं आयुष्यात एक बातमी पोटात ठेवली नव्हती तो रेडिओ निरखून पाहत म्हणाला, "पलीकडचेच, साहेब. नाक बघा की. आमच्याकडं असलं नाक नसतं."

त्यांनी दोर सोडून त्याला वर काढलं. दोर ओढणाऱ्या हातांत बीराचेही हात होते. तिनं त्याच्या सुजलेल्या घोट्याला पट्टी बांधली, कुणा परक्याला बांधावी तशी, मान खाली घालून. "दुखतं का, काका?" तिनं विचारलं. बाबा म्हणायचं तोंड, आणि काका. तो म्हणाला, "नाही, पोरी."

लोकेरिस साहेब वाईट माणूस नव्हते. कोर्टकचेरीत या म्हाताऱ्याला कुठं अडकवा, असं म्हणून त्यांनी त्याला गाडीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी सीमेवर सोडून दिलं. पलीकडच्याला पलीकडं. वर खिशात चहापाण्याला पैसेही घातले.

पलीकडं मासेरेकाची बहीण खरंच दिलेली होती. भाषा तीच, नावं तीच, कसाव्याच्या कंदाच्या पिठाचा शिजवलेला गोळाही तोच. तिच्या अंगणात बसलं की डोंगरही तोच दिसायचा, फक्त उलट्या बाजूनं, मावळतीचा उगवतीला गेलेला. घर एका दिवसाच्या वाटेवर, आणि जाता येत नव्हतं. साहेबांची गाडी रोज गावातून फिरते. एकदा दिसला की बीराचं खोटं उघडं पडणार. जोवर तिच्या अंगावर तो शर्ट, तोवर हा इथं. खड्ड्यातून निघाला आणि देशाएवढ्या खड्ड्यात येऊन पडला. कॉफीचा एक तोडा गेला, मग दुसरा गेला.

बाजाराच्या दिवशी कधी म्बांबु सीमा ओलांडून यायची, खारा मासा घेऊन. "काय पलीकडचे पाहुणे," ती म्हणायची, "बायकामुलं आहेत का तुम्हाला?" आणि मग पदरानं डोळे पुसून भांडायची. "खड्डा सांगितला असतात तर मी फुंकर मारून बुजवला असता. तीस वर्षं नुसतं पोट दुखतंय, पोट दुखतंय."

बीरा एकदाही आली नव्हती. मासेरेका तिच्याबद्दल विचारायचा नाही, आणि विचारत नाही हे सगळ्यांना दिसायचं. बातमी रेडिओ आणायचा.

"काका, तुमच्या खड्ड्याला साहेबांनी कठडा बांधलाय. पाहुणे फोटो काढतात! जुन्या काळचा खड्डा म्हणून. बीराला रोज तिथं थांबून किस्सा सांगावा लागतो, पलीकडचा म्हातारा कसा पडला, सरड्याशी कसा बोलत बसला. लोक पोट धरून हसतात."

"सरड्याचं कुणी सांगितलं?"

"ते... मी जरा भर घातली," रेडिओ म्हणाला.

"आणि ती? ती हसते?"

रेडिओनं जमिनीकडं पाहिलं. "साहेब म्हणतात, सांग ना, तुझा तो किस्सा सांग. मग सांगते."

त्या रात्री मासेरेका जेवला नाही. बहिणीनं विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय.

आणि एका दुपारी बीरा बहिणीच्या अंगणात उभी राहिली. अंगावर कॉफी तोडायला जायचा जुना झगा, पायात चिखलाचे बूट. मासेरेकानं आधी तिच्या मागं पाहिलं, कुणी पाहत तर नाही ना म्हणून.

"शर्ट कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"दिला परत."

"काय केलंस पोरी? का?"

ती त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. बुटांवरचा चिखल खरवडू लागली.

"परवा एक म्हातारी पाहुणी होती. सगळे हसले, ती नाही हसली. तिनं विचारलं, पुढं त्या माणसाचं काय झालं? त्याला कुणी होतं का? साहेब शेजारी उभे होते. मी म्हटलं, एक मुलगी आहे."



"साहेब म्हणाले, तुला गं काय माहीत? मी म्हटलं, दोर तिनंच ओढला."

अंगणात कोंबड्या उकरत होत्या. मासेरेकाचा गुडघ्यावरचा हात बीरानं आपल्या हातात घेतला.

"साहेब ओरडले?"

"ओरडले. खोटारडी म्हणाले. मी खड्ड्याचंही सांगून टाकलं. मग शर्ट मागितला. मग म्हणाले, खड्डा तुमचा, तर बुजवायचाही तुम्हीच. आईचं खोरं अजून त्या नेच्याखाली आहे." ती उठली आणि तिनं त्याची काठी त्याच्यापुढं धरली. "दरड यायची असेल तर येऊ दे. चला बाबा, घरी."